जावईकाकांवर कोणी नापास होत नसे

आमच्या आळीत पहिला टेलिफोन आमच्या घरी आला, पण त्याचा खरा थाट भोगला तो आळीच्या जावयाने. बाकीच्यांचे फोन म्हणजे कोणी वारलं, कोणाचं जमलं, केळी न्यायला टेंपो निघाला की नाही, एवढंच. जावईकाकांचा फोन वर्षातून दोनदा यायचा आणि तो मुंबईच्या मोठ्या इस्पितळातून यायचा. पलीकडचा कारकून अदबीने सांगायचा, सोमवारपासून परीक्षा आहेत, त्यांना पाठवून द्या. मी वाडीतल्या पायवाटेने धावत सुटायचे आणि अर्ध्या वाटेवरूनच ओरडायचे. जावईकाका बावखलाच्या काठी, म्हणजे आमच्याकडे वाडीला पाणी पुरवणारं जे तळं असतं त्याच्या काठी, बसलेले असायचे. आधी ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. सगळ्या आळीने ऐकलं याची खात्री झाली की मग सावकाश उठायचे.

ते घरजावई होते. मूळचे कामण गावाकडचे, भातशेतीतले. आत्याला भाऊ नव्हता म्हणून वाडी सांभाळायला जावई घरी आणला. ती काही माझी सख्खी आत्या नव्हे, पण आळीतली लेक, म्हणून आम्हा सगळ्या पोरांची आत्या. आता घरजावयाला किती मान असतो हे मी सांगायला नको. आमच्या सांडोर गावात केळी लावणाऱ्यांना भात लावणारा अर्धा अडाणीच वाटायचा. ते ‘पानी’ म्हणाले की पोरंटोरं फिदीफिदी हसायची. त्यात धापा टाकण्याचं दुखणं. दोन कळश्या आणल्या की ओट्यावर टेकायचे. मुंबईला नेऊन दाखवलं तेव्हा कळलं की लहानपणी ताप आणि सांधेदुखी झाली होती, त्यात हृदयाची एक झडप आखडून गेली. आळीने निकाल दिला की आत्याच्या बापाला फसवलं, दुखणाईत जावई गळ्यात मारला.

मग ते फोन सुरू झाले आणि सगळं पालटलं. डॉक्टरकीच्या शेवटच्या परीक्षेला खराखुरा रोगी तपासायला देतात, हे आम्हाला जावईकाकांमुळे कळलं. त्यांच्या छातीतला आवाज म्हणे अगदी पुस्तकात लिहिल्यासारखा होता. ते तांब्यावर बोटांनी वाजवून दाखवायचे. आधी एक जोरदार ठोका, मग बारीक टक्, मग लांबलचक घरघर. गणपतीत आरती संपली की पोरं म्हणायची, काका, छाती वाजवा. आत्या भाजी घेऊन होळी नावाच्या बाजारात बसायची, तिथपर्यंत ही कीर्ती गेली होती. परीक्षेला निघताना अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा आणि पिशवीत कारकुनासाठी सुकेळी, म्हणजे आमच्याकडची वाळवलेली केळी. परत येताना चेहऱ्यावर असं तेज असायचं की आळीतले म्हातारेसुद्धा त्यांना ‘या, बसा’ म्हणायचे. घरजावयाला आमच्याकडे असं सहजासहजी कोणी म्हणत नाही.

मला त्याच इस्पितळाच्या कॉलेजात प्रवेश मिळाला तेव्हा आईबाबांपेक्षा त्यांनाच जास्त आनंद झाला. आता आपण दोघं एकाच ठिकाणचे, असं ते येताजाता सांगत सुटले. मी मनातल्या मनात हसले, पण खरं सांगायचं तर डॉक्टर व्हायचं माझ्या डोक्यात शिरलं ते त्यांच्या त्या सदऱ्यामुळेच.

पहिल्या दिवशी एका वयस्कर प्राध्यापकांनी आम्हाला सगळं कॉलेज फिरवून दाखवलं. इंग्रजांच्या काळातली दगडी इमारत, रुंद लाकडी जिना, भिंतीवर पगडीवाल्या देणगीदारांची तैलचित्रं. प्लेगच्या साथीत व्हरांड्यांतही खाटा टाकल्या होत्या आणि विद्यार्थी तिथेच शिकले, हे त्यांनी मोठ्या अभिमानाने सांगितलं. त्या काळी पुस्तकं विलायतेहून बोटीने यायची, तीही थोडकी. म्हणून इथल्या गुरूंनी रोग्यालाच पुस्तक केलं, असं ते म्हणाले. एवढ्या मोठ्या परंपरेत आपण पाऊल टाकतोय असं वाटलं.

शेवटी त्यांनी आम्हाला संग्रहालयात नेलं. काचेच्या बरण्यांमध्ये माणसांचे अवयव. एका बरणीत उघडून ठेवलेलं हृदय होतं आणि त्यातली झडप आखडून इतकी लहान झाली होती की शर्टाचं काजच वाटावं. त्या काजातून एका माणसाचं सगळं रक्त जात होतं. मला जावईकाका आठवले. सर म्हणाले, हा माणूस गेला तेव्हा काही करता येत नव्हतं, आता येतं. मांडीच्या शिरेतून नळी घालतात, तिच्या टोकाचा फुगा फुगवून झडप उघडतात, आणि माणूस चार दिवसांत घरी जातो. मी मनात म्हटलं, आमचे काका तर दर वर्षी या इमारतीत येतात, त्यांचं कोणीतरी नीटच बघत असणार.

वॉर्डात शिकायला लागल्यावर पहिला धक्का बसला तो भाषेचा. तिथे ज्याचा रोग जास्त, ती केस चांगली. एकाच खाटेभोवती आम्ही दहाजण उभे राहायचो. एकाच बाईची पोटातली सुजलेली प्लीहा दहाजण आळीपाळीने दाबायचे आणि ती डोळे मिटून पडून राहायची. एकदा एक वरिष्ठ विद्यार्थी जिन्यावर धावत भेटला, म्हणाला, लवकर जा, पाच नंबरला फार सुंदर कावीळ आली आहे. मी गेले तर त्या पाच नंबरची बायको खाटेखाली बसून रडत होती. रात्री हॉस्टेलवर जेवण गेलं नाही. सहा महिन्यांनी मात्र ‘सुंदर’ हा शब्द माझ्याही तोंडात आला आणि तो आला कधी हे मला कळलंसुद्धा नाही.

शेवटच्या परीक्षेत मोठी केस म्हणून एक रोगी देतात. त्याला एकटीने विचारायचं, तपासायचं आणि मग दोन परीक्षकांपुढे सगळं मांडायचं. एक परीक्षक आपल्या कॉलेजचा, दुसरा बाहेरगावचा. माझं नाव पुकारलं, मला खाट दाखवली, आणि मी पडदा बाजूला केला. खाटेवर जावईकाका बसले होते. सदरा घडी करून उशाशी ठेवलेला, छाती उघडी.

त्यांना इतका आनंद झाला की बोलताना धाप लागली. हळूच म्हणाले, “भिऊ नको, बाय. माज्यावर आजून कोन नापास झाला नाय. आदी मना डाव्या कुशीवर वलव, मंग ऐक.”

मला हसू आलं आणि रडूही आलं. पण घड्याळ पुढे सरकत होतं, म्हणून मी शिकवल्याप्रमाणे प्रश्न विचारायला लागले. झोप कशी लागते? म्हणाले, आडवं होववत नाही, वर्षभर भिंतीला टेकून बसूनच झोपतो. आत्याला वाटतं डासांमुळे. पाय? संध्याकाळी सुजतात. खोकला? कधीकधी रक्ताचा धागा दिसतो, पण ते काय, पान खाणाऱ्या माणसाला कळतसुद्धा नाही. माझ्या पेनाचा वेग मंदावला. हा माणूस माझ्या घरापासून चार घरं सोडून राहत होता आणि त्याची ही दशा मला परीक्षेत कळत होती.

औषधं विचारली तर पिशवीतून एक चुरगळलेलं पाकीट काढलं. फार पूर्वी कोणा शिकाऊ डॉक्टरने लिहून दिलेल्या गोळ्या. स्टेशनजवळचा केमिस्ट तेव्हापासून त्याच देत होता. मी विचारलं, ओपीडीत कोणाला दाखवता? तर माझ्याकडे असे बघायला लागले जणू मीच काही वेडेपणा केलाय. तिथे रांग कोण लावणार, म्हणाले, आणि तिथे असतात कोण, तर शिकाऊ पोरं. इथे दर वेळी आधी पोरं तपासतात, वर त्यांचे मास्तर तपासतात, वर बाहेरगावचे मोठे डॉक्टर येऊन तपासतात. एकाने ऐकलं की दुसऱ्याला बोलावून ऐकवतो, इतके खूश होतात. मुंबईत एवढी तपासणी कुठल्या शेठची होते?

मी स्टेथोस्कोप कानाला लावला. ठोका, टक्, घरघर. तांब्यावर ऐकलेलं सगळं जसंच्या तसं. पण आता मला त्या आवाजाच्या आतलं काज दिसत होतं. इतक्या वर्षांत शेकडो कानांनी हा आवाज ऐकला होता आणि प्रत्येक कान पुढच्या प्रश्नाचं उत्तर शोधत होता. विद्यार्थ्यांना वाटलं, उपचार मास्तर करत असतील. मास्तरांना वाटलं, हा कुठल्यातरी युनिटचा पेशंट असेल. बाहेरगावच्या परीक्षकांनी तर संध्याकाळची गाडी पकडली. कारकून फोन करत होता. आणि जावईकाकांना वाटत होतं, आपलं चाललंय.

परीक्षक आले. मी इंग्रजीत सगळं नीट मांडलं, कुठे चुकले नाही. बाहेरच्या परीक्षकांनी कान लावला, खूश झाले, दुसरे परीक्षक म्हणजे आमच्या कॉलेजचे सर, त्यांना म्हणाले, तुम्हीही ऐका. काकांनी माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. मग प्रश्न आला, यांना काय उपचार द्याल? मी सांगितलं, झडप उघडायला हवी. कधी? इथपर्यंत इंग्रजी पुरलं. पुढे मला ते सापडेना.

मी मराठीत म्हणाले, “सर, कित्येक वर्षांपूर्वीच. हे माझ्या आळीतले आहेत आणि यांच्यावर कोणीच उपचार करत नाहीये.”

आमच्या सरांच्या चेहऱ्यावर आधी राग आला, बहुतेक माझ्या धिटाईचा. बाहेरच्या परीक्षकांनी पहिल्यांदाच काकांच्या छातीवरची नजर काढून त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि विचारलं, तुमचे डॉक्टर कोण?

“तुमीच की,” जावईकाका म्हणाले आणि हात फिरवून सगळा हॉल दाखवला. “तुमी सगले.”

बाहेरचे परीक्षक स्टेथोस्कोपची नळी बोटाला गुंडाळत राहिले. तेवढ्यात वेळ संपल्याची घंटा झाली आणि आमचे सर म्हणाले, आपण नंतर बघू, पुढच्या विद्यार्थ्याला पाठवा. मी बाहेर आले. मला माहीत होतं की मी पास झाले. मला त्याची इतकी लाज कधी वाटली नव्हती आणि संताप तर असा झाला होता की व्हरांड्यातल्या तैलचित्रांनाच दोन शब्द सुनावावेत. रोगी हे पुस्तक असेल तर वाचणाऱ्याने वाचावं आणि परत फडताळात ठेवावं, हेच इथे चाललेलं होतं. पुस्तकाला धाप लागते हे कोणाच्या गावीही नव्हतं.

कारकुनाला गाठलं. तो बिचारा सालस माणूस, काकांना स्वतःच्या डब्यातली चपाती द्यायचा. मी म्हटलं, त्यांना आत्ताच्या आत्ता दाखल करून घ्या. तो हबकला. परीक्षेचे अजून दोन दिवस बाकी आहेत, म्हणाला, आणि या आवाजाची दुसरी केस राहिलेलीच नाही. का? तर बाकीच्यांची ऑपरेशनं होऊन गेली. हे त्याने अगदी साधेपणाने सांगितलं. त्याच्या हाती ही प्रथा आधीच्या कारकुनाकडून आली होती. फोन नव्हते तेव्हा कार्ड टाकायचे आणि त्याआधी म्हणे शिपाई सायकलवर घरोघर जायचा. इतक्या पिढ्यांमध्ये कोणी दुष्ट नव्हतं. तसं कोणी असतं तर बरं झालं असतं, निदान कोणाशी भांडावं ते कळलं असतं.

भांडायला शेवटी खुद्द जावईकाकाच सापडले. संध्याकाळी मी त्यांना समजावून सांगितलं, काजासकट सगळं सांगितलं. हे असंच राहिलं तर एक दिवस श्वास अडकून जाल, असंही म्हणाले. ते माझ्यावर रागावले. इतके मोठे डॉक्टर काही बोलले नाहीत आणि आमच्याकडे फोनचा निरोप घेऊन येणारी पोर मला आजारी म्हणते? शिवाय उद्या-परवाची पोरं आहेत, त्यांचं काय? शब्द दिलाय मी. आणि भिंतीकडे तोंड करून बसले. त्या पाठीकडे बघताना मला कळलं की हा माणूस नुसता हट्ट करत नाहीये. आळीत त्याचं जे काही होतं ते या आवाजावर उभं होतं.

मग मी तो फोन उलटा फिरवला. नाक्यावरच्या बूथवरून घरी लावला आणि बाबांना सांगितलं, आत्याला बोलवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या आली ती थेट परीक्षेच्या हॉलच्या दारात. अंगावर बाजाराला जायचं लुगडं, हातात रिकामी टोपली. बहुधा होळीच्या बाजाराला निघाली होती ती तशीच गाडीत बसली. शिपायाने अडवलं तर टोपली त्याच्या हातात देऊन आत गेली. काकांच्या छातीवर एक मुलगा वाकला होता, त्याला दंडाला धरून बाजूला केलं आणि स्वतः खाटेवर बसली. आमच्या बोलीत तिने जे सुनावलं त्याचं शुद्ध मराठी करायला गेले तर सगळा ठसकाच जाईल. मतलब एवढाच की आधी याला बरा करा, मग काय ते शिका, आणि तोवर माझ्या नवऱ्याला कोणी हात लावायचा नाही. काका तिला गप्प करत होते. ती त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि तिचे डोळे वाहत होते. म्हणाली, डास म्हणून रोज धूर करत होते रे मी तुझ्या उशाशी.

आमचे सर दारात उभे राहून बघत होते. त्यांनी परीक्षा थांबवली नाही, पण त्या मुलाला दुसरी केस दिली आणि खालून चाकाची खुर्ची मागवली. काकांना दाखल करून घेतलं तेव्हा कागदावर सही सरांनी स्वतः केली. काही दिवसांनी झडप उघडली. आत्या ऑपरेशनच्या खोलीच्या दाराशी बसून होती आणि मी तिच्याजवळ. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, आणखी वर्ष काढलं असतं असं वाटत नाही. ते ऐकून तिने माझा हात इतका घट्ट धरला की माझी बांगडी वाकली.

काका सुधारले. आडवे झोपायला लागले, पाय उतरले, वाडीत परत कुदळ धरली. आळीने दोन दिवस कौतुक केलं आणि विसरली.

पुढच्या परीक्षांच्या सुमारास मी इंटर्न होते आणि सुट्टी काढून घरी आले होते. दुपारी फोन वाजला. कारकुनाने माझा आवाज ओळखला नाही, आणि वॉर्डात पुढे काय झालं तेही त्याच्यापर्यंत पोचलं नव्हतं; नेहमीच्या अदबीने म्हणाला, सोमवारपासून त्यांना पाठवा. मी सांगितलं, गेल्या वेळेलाच त्यांचं ऑपरेशन झालं, आता ते अगदी बरे आहेत.

“अरेरे,” तो म्हणाला.

मनापासून म्हणाला. मी फोन ठेवून दिला. वळून बघते तर ओटीवर जावईकाका. घंटा ऐकून वाडीतून धावत आले होते आणि त्यांना धाप लागली नव्हती. अंगात आधीच इस्त्रीचा पांढरा सदरा होता.

मी खरं ते सांगितलं. आवाज गेला, आता बोलावणार नाहीत. ते खाली बसले आणि छातीवर हात ठेवून विचारलं, अजिबातच गेला? मला काय सुचलं कोण जाणे, मी बॅगेतून स्टेथोस्कोप आणला, त्यांच्या कानाला लावला आणि चकती त्यांच्या छातीवर धरली. एवढ्या सगळ्यांनी ऐकलेलं हृदय त्यांनी स्वतः कधीच ऐकलं नव्हतं. ते डोळे मिटून बराच वेळ ऐकत राहिले. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. मला वाटलं, हसतील.

“हा तर सगल्यांसारकाच हाय,” ते म्हणाले.

नळी कानातून काढून त्यांनी माझ्या हातात दिली. सदरा काढून खांद्यावर टाकला, आमच्या ओट्यावरच्या दोन रिकाम्या कळश्या उचलल्या आणि बावखलाकडे पाणी आणायला गेले.